आडनाव न विचारणारी खोली

एस.टी. स्टँडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, सार्वजनिक मुतारीच्या दारावर एक जाहिरात महाराष्ट्रात जागोजाग दिसते : ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा.’ खाली मोबाईल नंबर. पुडी भाजीत कालवायची, चहात टाकायची, त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. हा नंबर लावणारी बहुतेक वेळा त्याची बायको असते, नाहीतर आई. तोवर बरंच काही करून झालेलं असतं. देवापुढे नारळ फुटलेला असतो, पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेली असते, कुणी पंढरपूरला नेऊन गळ्यात माळ घातलेली असते. माळ घातल्यावर खरोखर कायमची सोडणारी माणसं गावोगाव आहेत, हे मान्यच करायला हवं. पण ज्यांची माळ चार महिन्यांत खुंटीला लागली, त्यांच्या घरात पुडीचा विचार येतो.

त्या पुडीत काय आहे, हे विकणारा सांगत नाही. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम नावाचं एक मान्यताप्राप्त औषध आहे. ते पोटात असताना दारू प्यायली, तर शरीरात दारूचं विघटन अर्ध्यावर अडतं आणि ॲसिटाल्डिहाइड साचू लागतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब झपकन उतरतो. हृदयविकार असलेल्या माणसाच्या हे जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर हे औषध रुग्णाच्या तपासण्या करून, त्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. चोरून दिलेलं औषध लागू पडलं, तरी त्या माणसाने स्वतः काहीच ठरवलेलं नसतं. पुडी बंद झाली की क्वार्टर पुन्हा सुरू.

या ‘न सांगता’च्या बरोबर उलट्या टोकाला एक उपाय आहे. तो फुकट आहे, जवळजवळ नव्वद वर्षं जुना आहे आणि महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत संध्याकाळी सात-साडेसातला एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये सुरू होतो. तिथे माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं असतं. आणि सांगायचं ते डॉक्टरला किंवा साधूला नव्हे, स्वतःसारख्याच दुसऱ्या दारुड्याला. (‘दारुडा’ हा शब्द बाहेर शिवी म्हणून वापरतात. त्या खोलीत माणसं तो आपणहून, न लाजता स्वतःला लावून घेतात.)

असा उपाय किती जणांपर्यंत पोहोचायला हवा, याचा अंदाज एका पाहणीतून येतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार भारतात साधारण १६ कोटी लोक दारू पितात. त्यांतल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांचं पिणं एकतर घातक पातळीचं आहे किंवा पूर्ण व्यसनाचं. निव्वळ व्यसनाच्या पातळीवर पोहोचलेले जवळपास २ कोटी ९० लाख आहेत. आणि व्यसनाच्या पातळीवरच्या दर ३८ माणसांमागे कसलीही मदत मिळालेला माणूस फक्त एक. दवाखान्यात भरती होऊन उपचार मिळालेला तर १८० जणांत एक. उरलेले घरात आहेत, गुत्त्यावर आहेत, कामावर खाडे करताहेत.

या उपायाचा जन्म अमेरिकेतला. ओहायो राज्यात ॲक्रन नावाचं टायरच्या कारखान्यांचं शहर आहे. १९३५च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल तिथे एका कंपनीचा ताबा मिळवायच्या खटपटीत आला होता. खटपट फसली, सोबतचे लोक परत गेले आणि शनिवारच्या दुपारी मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उरला. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. लॉबीच्या एका टोकाला बार होता आणि त्यातला गलबला बाहेर ऐकू येत होता. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि शहरातल्या चर्चची यादी. त्याआधीचे पाच महिने बिलने न्यूयॉर्कमध्ये दिसेल त्या दारुड्याला पकडून उपदेश केला होता. त्यांतला एकही सुधारला नव्हता. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. ते सुधारले नसले, तरी त्यांच्याशी बोलण्यात त्याचा स्वतःचा दिवस कोरडा गेला होता. आता आपण वाचायचं असेल तर आपल्याला एक दारुडा शोधलाच पाहिजे, हे त्याला त्या लॉबीत कळलं. तो यादीतल्या पाद्र्यांना फोन लावत गेला.

फोनाफोनीतून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी पडली. हे शल्यविशारद होते. दारूपायी प्रॅक्टिस बुडत चाललेली, हात कापणारे. ‘फक्त पंधरा मिनिटं’ या अटीवर ते आले आणि रात्री सव्वाअकराला उठले. डॉक्टरांना दारूचे दुष्परिणाम कुणी सांगायची गरज नव्हती, ते स्वतःच डॉक्टर होते. पण समोरचा अनोळखी माणूस त्यांच्याकडे मदत मागायला आला होता. आजवर त्यांना भेटलेला प्रत्येक माणूस त्यांना सुधारायला आला होता. हा स्वतःला सांभाळायला आला होता. त्याने उपदेश केला नाही, स्वतःची हकिगत सांगितली.

या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ उभं राहिलं. जगभरात आणि आपल्याकडेही त्याला ‘एए’ म्हणतात. मात्र स्थापनेचा दिवस म्हणून ती भेट धरलेली नाही. भेटीनंतर काही आठवड्यांनी डॉक्टर बॉब एका वैद्यकीय परिषदेला अटलांटिक सिटीला गेले आणि तिथे पुन्हा प्यायले. त्यांचा शेवटचा घोट १० जून १९३५ रोजी झाला, आणि एएचा स्थापनादिन तोच मानतात. म्हणजे या चळवळीच्या मुळाशीच एक घसरण आहे. जी संस्था आपल्या संस्थापकाचं घसरणं लपवत नाही, तिच्या दारात घसरलेल्या माणसाला परत येणं सोपं जातं.

१९३९ साली त्यांनी आपल्या अनुभवाचं पुस्तक काढलं. त्यात बारा पायऱ्या मांडल्या. दारूपुढे आपलं काही चालत नाही ही कबुली, मग स्वतःच्या वागण्याचा हिशेब, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई, आणि शेवटी हे सगळं दुसऱ्या पिणाऱ्यापर्यंत पोहोचवणं. १९४१ साली एका मोठ्या अमेरिकन साप्ताहिकात लेख आला आणि दोनेक हजारांची सभासदसंख्या वर्षअखेर आठ हजारांच्या घरात गेली.

भारतात हे काम मुंबईत १९५७च्या सुमारास रुजलं. हे साल मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण तेव्हा मुंबई राज्यात दारूबंदी होती. कायद्याच्या लेखी शहरात दारूच नव्हती, आणि ज्यांना ती सुटत नव्हती ती माणसं बंद खोलीत एकमेकांना भेटू लागली होती. बंदीमुळे दारू महाग होते, लांब जाते, नव्या पोरांच्या हाताला लवकर लागत नाही. हे फायदे खरे आहेत आणि गडचिरोलीतल्या बायकांनी त्यासाठी दिलेला लढा कुणी हलका लेखू नये. पण ज्याचं शरीरच दारू मागतं, त्याला बंदीनंतर आणखी काहीतरी द्यावं लागतं. १९९३पासून दारूबंदी असलेल्या त्याच गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने ‘मुक्तिपथ’ हे अभियान उभं राहिलं आणि उपचाराची सोय तालुक्यापर्यंत नेली गेली, ते याच गरजेतून.

मीटिंग म्हणजे प्रत्यक्षात काय, याबद्दल लोकांच्या मनात बरीच भीती असते. कोणी फॉर्म भरून घेईल, कोणी फोटो काढेल, कंपनीत कळवेल. यातलं काहीही होत नाही. हजेरीपट नसतो, फी नसते, ओळखपत्र मागत नाहीत. ठरलेल्या वेळी एक जण सुरुवात करतो. तो त्या दिवसापुरता सूत्रधार. थोडी शांतता, एक छोटी प्रार्थना, संस्थेची ओळख सांगणारा उतारा, पायऱ्यांचं वाचन. मग ‘शेअरिंग’. एकेक जण आपलं पहिलं नाव सांगतो, आपण अल्कोहोलिक आहोत असं म्हणतो आणि पाच-दहा मिनिटं आपली गोष्ट सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, प्रश्न विचारत नाही, ‘तू असं करायला हवं होतंस’ म्हणत नाही. सांगणाऱ्याचं झालं की पुढचा. नव्या माणसाला विचारतात, बोलायचंय का? तो नको म्हणाला, तर पुढे जातात. शेवटी एक पिशवी फिरते, तीत ज्याला जमेल त्याने पाच-दहा रुपये टाकायचे. खोलीचं भाडं आणि चहा त्यातून निघतो. बाहेरच्या कुणाची देणगी एए घेत नाही, ती कितीही मोठ्या माणसाची असली तरी. पैसा बाहेरचा आला की हुकूमही बाहेरचा येतो, हे त्यांनी फार लवकर ओळखलं.

पहिल्या नावाची ही रीत अमेरिकेत लोकलाजेपोटी आली. महाराष्ट्रात मात्र तिला आणखी एक अर्थ चिकटला आहे. आपल्याकडे नव्या माणसाला पहिला प्रश्न आडनावाचा असतो, आणि आडनाव कळलं की जात, गाव, कधी कधी भावकीसुद्धा कळते. या खोलीत ते दाराबाहेर राहतं. रिक्षा चालवणारा बोलतो आणि बँकेतला अधिकारी माना डोलावतो, कारण सकाळी उठल्याबरोबर हात थरथरतात तेव्हाची तलफ दोघांची सारखीच होती. जातपात इथे संपली असा दावा कोणी करू नये. माणसं आपल्या सवयी सोबत घेऊनच येतात. पण तासदीड तास तरी आडनाव न विचारता एकमेकांचं ऐकणारी जागा आपल्याकडे फारशी नाही.

आणि ऐकायला काय मिळतं? बाहेर कोणीच सांगत नाही अशा बारीकसारीक गोष्टी. पगाराच्या दिवशी कुठल्या रस्त्याने घरी यायचं. लग्नाच्या वरातीत मित्र ग्लास पुढे करतात तेव्हा काय म्हणायचं. गटारीला मोबाईल बंद ठेवायचा की नाही. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळी तलफ जास्त येते, म्हणून संध्याकाळी साडेसहाला आधी पोटभर खाऊन घ्यायचं. डॉक्टरच्या तपासणीच्या पाच मिनिटांत यातलं किती बसणार? हे ज्याने भोगलंय त्याच्याकडूनच मिळतं. शिवाय कोणी जन्मभराची शपथ मागत नाही. फक्त आजचा दिवस प्यायचं नाही, उद्याचं उद्या. ज्याच्या पाच शपथा मोडल्या आहेत, त्याला ‘आज’ एवढं छोटं माप पेलतं.

पण या खोलीत पाऊल टाकण्याआधी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने घरी बसून एकदम दारू बंद करणं धोक्याचं ठरू शकतं. शेवटच्या पेगनंतर काही तासांत हातापायांना कंप, घाम, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, दिवसरात्रीचं भान सुटतं, ताप चढतो. यावर वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. घरचे लोक ‘भुताने झपाटलं’ म्हणून भगताकडे नेतात आणि तेवढ्यात मोलाचे तास निघून जातात. ही अवस्था औषधांनी नीट आवरता येते. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या मानसोपचार विभागात किंवा चांगल्या व्यसनमुक्ती केंद्रात ते पाच-सात दिवस काढायचे, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घ्यायची आणि मग गटात जायचं. पुढे तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेटसारखी औषधं डॉक्टरांनी दिली, तर ती घेत घेत गटात जायला काहीच हरकत नाही. ‘गोळी घेतोस म्हणजे तू खरा सोबर नाहीस’ असं कोणी सदस्य म्हणालाच, तर ते त्याचं वैयक्तिक मत समजावं. औषधोपचाराबद्दल एए स्वतः काही ठरवत नाही, ते डॉक्टरांवर सोपवतं.

केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या सेवनाशी जोडलेले मानसिक विकारही येतात. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणं या कायद्याने सरळ बंद केलं आहे. जे केंद्र गाडी पाठवून माणसाला उचलून नेतं, नातेवाइकांना आठवडेच्या आठवडे भेटू देत नाही आणि डॉक्टर कोण हे सांगत नाही, तिथे आपलं माणूस ठेवू नये.

महाराष्ट्राचं भाग्य असं की इथे चांगली उदाहरणंही आहेत. लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला. येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी १९८६च्या ऑगस्टमध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. गर्दसाठी सुरू झालेल्या या केंद्रात पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. इथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते होतात. घरी गेल्यावर माणूस सुटू नये म्हणून गावोगाव पाठपुराव्याच्या सभा चालतात, आणि पिणाऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली ‘कृपा फाउंडेशन’ उभारलं. फादर स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. बारा पायऱ्या आणि योगासनं यांची सांगड त्यांनी घातली आणि आपलं व्यसन कधी लपवलं नाही. ॲक्रनच्या त्या संध्याकाळी जे घडलं, तेच इथे वेगळ्या रूपात दिसतं. मदत करणारा वरच्या पायरीवर उभा नसतो.

अनेकांची अडचण देवाची असते. बारा पायऱ्यांमध्ये ईश्वर येतो, ‘आम्हाला जसा समजला तसा’ एवढी मोकळीक ठेवून. काही सदस्य आपल्या गटालाच ती मोठी शक्ती मानतात, काही विठ्ठलाला, काही कशालाच नाही. तरीही प्रार्थना ऐकून उठून जाणारी माणसं असतात, आणि त्यांचं म्हणणं प्रामाणिक असतं. त्यांनी दारू सोडायचा विचार सोडू नये. अमेरिकेत १९९४पासून ‘स्मार्ट रिकव्हरी’ नावाचे गट चालतात. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा त्यांवर मोठा प्रभाव आहे आणि त्यांच्या ऑनलाइन सभांना इथूनही बसता येतं. आपल्याकडे साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. अंधश्रद्धेशी लढणाऱ्या माणसाने व्यसनाशीही लढावं, यात आश्चर्य नाही. दोन्हीकडे हतबल माणसाच्या खिशात हात घालणारे असतातच.

या गटांचा उपयोग होतो का, याचं उत्तर बरीच वर्षं अनुभवांवरच होतं. २०२० साली कॉक्रेन या नामांकित संस्थेने २७ अभ्यास आणि १० हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली. एएशी शिस्तशीरपणे जोडून देणारे उपचार मिळालेल्यांपैकी वर्षभरानंतर ४२ टक्के पूर्ण कोरडे होते. वर्तन-विचार उपचारांसारख्या इतर मान्य पद्धती मिळालेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. चाळीसच्या पुढे थोडंसं, हे ऐकून कुणाचा हिरमोड होईल. पण दारूचं व्यसन हा दीर्घ आजार आहे, आणि ज्या उपायाला पैसे पडत नाहीत त्याने महागड्या उपायांच्या बरोबरीने किंवा वरचढ काम केलं, ही मोठी बातमी आहे. आणखी एक गोष्ट त्यातून दिसते. ‘एएला जा’ एवढं म्हणून मोकळं होण्यापेक्षा, डॉक्टर किंवा समुपदेशकाने नाव-वेळ देऊन, एखाद्या जुन्या सदस्याशी गाठ घालून पाठवलं तर उपयोग जास्त होतो.

प्रत्येक पिणाऱ्याला हीच वाट हवी असंही नाही. ज्याचं पिणं घातक झालंय पण शरीर अजून पूर्ण गुंतलेलं नाही, अशांसाठी गोव्यात ‘संगत’ संस्थेने एक साधी पद्धत तपासून पाहिली. प्राथमिक आरोग्य केंद्रात, वैद्यकीय पदवी नसलेले पण प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक जास्तीत जास्त चार बैठका घेत. तीन महिन्यांनंतर या पुरुषांपैकी ३६ टक्क्यांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं. फक्त नेहमीचा सल्ला मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आपलं पिणं कुठल्या पातळीवर आहे हे कळायला जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे. ती कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ काही मिनिटांत घेऊ शकतो.

गट शोधायचा कसा? सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत. एए इंडियाच्या संकेतस्थळावर शहरवार सभांची माहिती असते. जवळचं व्यसनमुक्ती केंद्र किंवा सिव्हिलमधले समाजसेवक हमखास पत्ता देतात. निघण्याआधी एकदा फोन करून घ्यावा, कारण शाळेला सुट्टी लागली की जागा बदलते. फोनवर दोन गोष्टी विचाराव्यात. मीटिंग कुठल्या भाषेत आहे? मुंबईत इंग्रजी, हिंदी, मराठी असे वेगवेगळे गट असतात, आणि आपल्या बायकोला काय बोललो ते परक्या भाषेत सांगता येत नाही. दुसरं, सभा ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’? ओपनला घरचं माणूस सोबत चालतं, क्लोज्ड फक्त पिण्याची अडचण असलेल्यांसाठी. सभासद व्हायला अट एकच आहे, दारू सोडायची इच्छा. त्या दिवशी प्यायलेला माणूसही शांत बसणार असेल तर बसू शकतो.

पहिली मीटिंग आवडली नाही, तर त्यावरून एएबद्दल मत बनवू नये. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा. कुठे सगळे पन्नाशीपुढचे, कुठे फार प्रार्थना, कुठे एकच जण अर्धा तास बोलतो. पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी बसून पाहावं. सुरुवातीला तीन महिने रोज एक सभा, असं जुने सदस्य सुचवतात. नोकरी करणाऱ्याला ते जड जातं, पण दारूचा वेळही संध्याकाळचाच होता, हे त्यांचं म्हणणं बिनतोड आहे. चांगला गट ओळखायची खूण सोपी आहे. तिथे कोणी तुमच्याकडून पैसे, मत किंवा धर्म मागत नाही. सभा संपल्यावर चहाच्या वेळी कोणीतरी आपला नंबर देतो आणि रात्री-अपरात्री तलफ आली तर लाव म्हणतो. तो नंबर खरोखर लावावा. त्या फोनची गरज उचलणाऱ्यालाही असते. पुढे त्याच्यासारख्या एका जुन्या सदस्याला ‘स्पॉन्सर’ करतात आणि पायऱ्यांचं काम त्याच्यासोबत होतं.

खेड्यात अडचण अंतराची आहे. तालुक्याला गट नसेल तर रात्री आठनंतर परतीची एस.टी. कुठून आणणार? २०२०च्या टाळेबंदीत सभा फोनवर आल्या आणि त्यातल्या बऱ्याच टिकल्या. त्यामुळे आखातात नोकरी करणारा रत्नागिरीचा माणूससुद्धा खोलीत बसून आपल्या भाषेतलं बोलणं ऐकू शकतो. प्रत्यक्ष शेजारी बसण्याची बरोबरी फोन करत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा. आणि एएच्या रिवाजाप्रमाणे दोन-तीन दारुडे सोबर राहण्यासाठी एकत्र बसले की गट झाला. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

स्त्रियांची वाट सर्वांत खडतर. ‘एम्स’च्या त्या राष्ट्रीय पाहणीत पुरुषांमध्ये पिणाऱ्यांचं प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांमध्ये १.६ टक्के आढळलं. टक्का छोटा असला, तरी माणसं लाखांनी आहेत, आणि पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकट्या बाईने ‘मी पिते’ म्हणायला जे बळ लागतं त्याची कल्पना पुरुषांना येत नाही. केवळ स्त्रियांसाठीच्या सभा मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन भरतात. आधी तिथे जावं, किंवा हेल्पलाइनवर एखाद्या महिला सदस्याशी बोलायचं आहे असं स्पष्ट सांगावं.

आता पुन्हा त्या पुडीच्या नंबरकडे बघणाऱ्या बाईकडे. नवरा यायला तयार नाही, त्याला आपण दारुडे आहोत हेच पटत नाही. तरीही तिच्यासाठी खोली आहे. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने १९५१ साली पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ सुरू केलं. किशोरवयीन मुलांसाठी पुढे ‘अलाटीन’ आलं. महाराष्ट्रातही अल-अनॉनच्या सभा होतात, अनेकदा एएच्याच इमारतीत शेजारच्या वर्गात. त्या सभेला जाण्यासाठी नवऱ्याची परवानगी किंवा त्याचं सोबर असणं लागत नाही. तिथे तिला नवऱ्याची दारू कशी सोडवायची हे शिकवत नाहीत. हा आजार तिने आणलेला नाही आणि तिच्याने तो बरा होणार नाही, हे तिला तिथे दुसऱ्या बायकांच्या तोंडून कळतं. सोमवारी सकाळी तो उठू शकला नाही की त्याच्या साहेबाला ‘ताप आलाय’ म्हणून फोन करायचं काम इतकी वर्षं तिच्याकडे होतं. त्या बायकांपैकी बऱ्याच जणींनी पहिल्यांदा बदललेली गोष्ट हीच असते. त्या तो फोन करणं थांबवतात.